गारठ्याची बंदूक

मी सगळ्यात जास्त ऋणी कुणाचा, हे सांगायला मला विचार करावा लागत नाही. माझ्या आत्याचा. वडिलांची धाकटी बहीण, शनिशिंगणापुरात देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेलाच्या बाटल्या, काळं कापड आणि रुईच्या पानांच्या माळा विकणारी, चौथी शिकलेली, आणि बोलण्यात साऱ्या तालुक्याला हार न जाणारी बाई. आई-वडील दर साल ऊसतोडीला जायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळी आणि मी असं सामान चढायचं. मी शाळेत बसण्याजोगा झालो त्या वर्षी आत्याने ट्रॉलीतून मला एकट्याला खाली उतरवलं. "शेळी न्या," ती म्हणाली, "ह्ये ऱ्हाऊ द्या." त्या एका वाक्यावर मी पदवीधर झालो. आमच्या घराण्यातला पहिला.

पदवी इन्स्ट्रुमेंटेशनची. नोकरी राहुरीच्या बाजूला एका धर्मादाय दवाखान्यात, तिथली यंत्रं चालू ठेवण्याची. "म्हंजी ढोरांचा डाक्टर असतो तसा तू मशिनींचा," आत्याने गिऱ्हाइकाला तेल देता देता निकाल लावला. "बरंय. मशीन लाथ मारत न्हाई." एवढंच कौतुक. मी निघून गेल्यावर तिने सगळ्या रस्त्याला पेढे वाटले आणि भाचा डॉक्टर झाला, फक्त माणसांचा नाही, असं सांगितलं, हे मला पुढे शेजारच्या नारळवाल्याकडून कळलं.

आमच्या गावात घरांना दारं नसतात याचं बाहेरच्यांना फार नवल. ते फोटो काढतात. आम्हाला त्यात काही वाटत नाही, जसं तुम्हाला तुमच्या घराला दार आहे याचं काही वाटत नसेल. चौकट असते, कुत्रं शिरू नये म्हणून टेकवायला फळी असते, झालं तर एखादा पडदा. बाहेरच्यांचा पहिला प्रश्न चोरीचा. दुसरा प्रश्न ते तोंडाने विचारत नाहीत, पण बायकांच्या चेहऱ्यावर दिसतो: मग अंघोळ, बाळाला पाजणं, लुगडं बदलणं? त्याचं उत्तर असं, की आमच्याकडे दार नसलं तरी दारात बसणारी बाई असते. आतल्या बाईचं काही खाजगी काम निघालं की घरातली, नाहीतर शेजारची एकजण चौकटीत आत पाठ करून बसते. हातात निवडायला काहीतरी घेते. ती बसली की सरपंच असो की जावई, आत पाऊल पडत नाही. पुरुषांनी लांबूनच खोकायचं आणि आतून "या" आलं तरच पुढे व्हायचं.

या कामात आमच्या आळीत आत्या अव्वल. तिची पाठ आतल्या बाजूला आणि तोंड जगाच्या बाजूला असायचं, आणि ते तोंड बघूनच लोक परत फिरायचे. पुरुषासाठी कोणी असं बसत नाही. पण माझ्या दहावीच्या परीक्षेच्या महिन्यात ती माझ्यासाठी बसली. आत मी बीजगणित करत होतो आणि चौकटीत ती माळा ओवत होती. "का गं, आत कोन अंघोळ करतंय?" बायका विचारायच्या. "अभ्यास," आत्या सांगायची. "लई नागडा असतो त्यो. बघू नका."

या चालीरीतीचा तोटा मला नगरला कॉलेजात गेल्यावर कळला. भिंगारला एक खोली भाड्याने घेतली होती. पहिल्याच दिवशी दार सताड उघडं टाकून मी कॉलेजला गेलो. संध्याकाळी आलो तर बादली गेलेली, आणि घरमालक, लष्करी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका, खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेले. "कडी नावाची वस्तू असते," ते म्हणाले. "ही बघा. ही अशी सरकते." त्यांनी मला ती दोनदा सरकवून दाखवली.

दवाखान्यात तर याहून वाईट झालं. रुजू झालो त्या आठवड्यात स्त्रीरोगाच्या मॅडमच्या तपासणीच्या खोलीत मी सरळ पाना घेऊन शिरलो. नशिबाने टेबल रिकामं होतं.

"दार वाजवायचं असतं!" मॅडम ओरडल्या.

"मॅडम, आमच्याकडे दार नसतं."

"मग काय करता?"

"खोकतो."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मी मात्र दार वाजवायचं विसरायचो आणि खोकायचं विसरायचो नाही. पुढे महिनाभर दवाखान्यातल्या प्रत्येक खोलीबाहेर मी इतका खोकलो, की छातीच्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं आणि माझा एक्स-रे काढला.

मॅडमच्या त्या खोलीतलं एक यंत्र माझ्या ताब्यात होतं आणि त्याबद्दल मी घरी अवाक्षर काढलं नव्हतं. दिसायला ते पिस्तूल. मूठ आहे, घोडा आहे, पुढे लांब नळी, आणि नळीच्या टोकाला सदऱ्याच्या मोठ्या बटणाएवढं चकचकीत धातूचं टोक. मुठीतून एक रबरी पाइप निघतो तो कार्बन डायऑक्साइडच्या टाकीला जातो. मध्ये दाबाचा काटा, त्यावर हिरवा पट्टा. घोडा ओढला की दाबलेला गॅस नळीतल्या बारीक भोकातून सुटतो, पसरतो, आणि पसरताना इतका गार होतो की टोकावर पांढरं दहिवर चढतं. ते टोक गर्भाशयाच्या तोंडाला लावून धरायचं. तिथल्या ज्या पेशी बिघडायला लागल्या आहेत, पण अजून कॅन्सरच्या झालेल्या नाहीत, त्या गोठून मरतात आणि खाली नवी कातडी येते. कापाकापी नाही, भूल नाही, वीजसुद्धा लागत नाही. इंग्रजी नाव मोठं आहे. सिस्टर त्याला गारठ्याची बंदूक म्हणायच्या.

मला पदवीच्या वर्षांत दाब, तापमान, झडपा सगळं शिकवलं होतं. पण गर्भाशयाला तोंड असतं हे कोणी शिकवलं नव्हतं. सिस्टरने ते मला दवाखान्याच्या कँटीनमध्ये पेरू देठाला धरून समजावून सांगितलं. "देठाकडचं वर. आणि हे खालचं, जिथं फूल वाळलेलं असतं, ते तोंड. आलं लक्षात?" आलं. शिवाय दर सोमवारी यंत्र तपासताना मी अर्ध्या चिरलेल्या टोमॅटोवर टोक टेकवून घोडा ओढायचो आणि टोकाच्या कडेबाहेर बर्फाचं पांढरं कडं नीट पसरतंय का ते बघायचो. तेव्हापासून पेरू आणि टोमॅटो या दोन्हींशी माझे संबंध पहिल्यासारखे राहिलेले नाहीत.

मग मॅडमनी ठरवलं की तपासणीचं शिबिर आमच्याच गावात घ्यायचं. अंगणवाडीची खोली ठरली. मी मोटारसायकलवर पिशवीत यंत्र आणि मागे टाकी बांधून निघालो. वाट वाकडी करून घोडेगावला कांद्याच्या काट्यावर टाकीचं वजन करून घेतलं, कारण या गॅसचा दाबाचा काटा फसवा असतो. टाकीत द्रव आहे तोवर तो हिरव्यातच उभा राहतो, आणि द्रव संपला की एकदम खाली बसतो. किती उरलंय हे वजनावरच कळतं. वजन ठीक होतं. नेहमीच्या शिबिराला पुरून उरेल इतकं.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी शनी अमावास्या होती, त्यामुळे फाट्यावर नाकाबंदी. हवालदाराने पिशवी उघडली आणि त्याचा हात तिथेच थांबला.

"ह्ये काय?"

"साहेब, दवाखान्याचं यंत्र आहे."

"घोडा हाय, नळी हाय, आन् दवाखान्याचं?"

"गॅसवर चालतं. गार करतं."

"काय गार करतं?"

मी खरं ते सांगायचं ठरवलं. "बायकांच्या गर्भाशयाचं तोंड."

हवालदाराने यंत्र पिशवीत परत ठेवलं, ते अंडं ठेवावं तसं. त्याच्या बरोबरचा पोलीस आभाळाकडे बघू लागला. "जावा, जावा," हवालदार म्हणाला. मी गाडीला किक मारली तेव्हा तो पुन्हा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "दुखतं का ओ?"

"पाळीत दुखतं तेवढंच, असं सिस्टर सांगतात."

"न्हाई, मंडळीला पाठवीन म्हनतो."

आणि त्याने खरंच पाठवलं.

अंगणवाडीपाशी मॅडम कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "खोली चांगली आहे," त्या म्हणाल्या. "दार कुठंय?"

सरपंच हसले. "मॅडम, आमच्या गावाची पद्धत..."

"पद्धत मला माहीत आहे. पण मला आत टेबलावर बाई घ्यायची आहे."

"माझ्या गाडीला चार दारं हायत," सरपंच म्हणाले. "तीत बसतंय का बघा."

मॅडम काही बोलायच्या आत आत्या रुईच्या पानांची पाटी डोक्यावर घेऊन आली, चौकटीत दोन जुनी लुगडी बांधली, आणि त्यांच्यापुढे पाठ करून बसली. "झालं दार," ती म्हणाली. "घ्या पहिली."

दिवसभर मी समोरच्या लिंबाखाली बसून होतो. मधूनमधून काटा बघायला बोलावलं की खोकून आत जायचं, बघायचं, बाहेर यायचं. बाकीचा वेळ आत्याचा कारभार ऐकायचा. तपासणी सोपी असते. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावायचं, थोडं थांबायचं. बिघडलेल्या पेशी असल्या तर तिथे पांढरा डाग उमटतो. डाग दिसला आणि मॅडमना योग्य वाटलं तर तिथल्या तिथे गारठवायचं.

"व्हिनेगर म्हंजी त्ये चायनीजच्या गाडीवर असतं त्येच का?" आत्याने आत न वळता विचारलं.

"तेच," सिस्टर आतून म्हणाल्या.

"मंग कोबी बी घाला."

पण एकही बाई तिने परत जाऊ दिली नाही. एक नवी सून लाजून मागे सरकली तर तिला म्हणाली, "तुझं काय सोन्याचं हाय का? आतल्या बाईनं लई बघितल्यात. जा." कोणाची सासू नको म्हणायला लागली तर तिला ऐकवलं, "व्हय व्हय, सून मेली तर दुसरी आनाल, पर भाकरी कोन करील तवर?" रस्त्यावरून देवाला निघालेल्या बायकांनाही तिने हाका मारल्या. "देव कुठं जात न्हाई, तितंच उबा हाय. तुमी हितं या आदी." मॅडम म्हणाल्या, इतक्या बायका आमच्या कोणत्याच शिबिराला आल्या नव्हत्या.

मला मात्र दुपारनंतर एक गोष्ट खुपायला लागली. गावातली झाडून सगळी बाई आत जाऊन आली होती. एक सोडून. दाराला कोण विचारतं, की तू आत जाऊन आलास का?

सिस्टरच्याही ते लक्षात आलं असावं. शेवटची बाई बाहेर पडल्यावर त्यांनी लुगड्याच्या फटीतून डोकं काढलं. "आत्या, तुमचं राहिलं."

"मी दार हाय."

"दाराला सुट्टी. या."

"माझं काय बघता? वीस वर्सं झाली, तिकडं कोन फिरकलं न्हाई."

पण आता बायका तिला सोडणार नव्हत्या. दिवसभराचे टोमणे त्यांनी एकदम फेडले. दोघींनी हाताला धरून तिला आत ढकललं आणि तिसरी तिच्या जागी चौकटीत बसली. मी लिंबाच्या मुळ्यांकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने सिस्टरची हाक आली, नेहमीच्या आवाजात, "प्रेशर बघून घ्या." ती हाक म्हणजे आत डाग दिसला असा अर्थ होतो.

मी खोकलो. पडदा मध्ये होता, टाकी अलीकडे. घोडा एकदा ओढून पाहिला. फुस्स झालं आणि काटा हिरव्यातून खाली आला, आणि खालीच बसला. टाकी संपली होती. आत्याने जितक्या बायका आत ढकलल्या, तितका गॅस तिच्याच वाट्याचा कमी होत गेला होता.

"अर्धवट गारठवलं तर डाग मरत नाही," मॅडम पडद्याआडून म्हणाल्या. "आज नको."

"सोडावाल्याकडं असती की टाकी!" आत्याचा आवाज आला. "त्येच्यात बी ह्योच वायू असतो, माझा भाचा सांगतो. आना, मारा."

"मी कुणाच्या अंगात सोडा मारणार नाही," मॅडम म्हणाल्या. "येत्या मंगळवारी दवाखान्यात या. दहा-बारा मिनिटांचं काम आहे."

आत्या लुगडं सावरत बाहेर आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमच्या घरच्या सिलिंडरावानीच हाय तुमचा बी. पाव्हना आला की संपतो."

त्या मंगळवारी ती आली नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. फोन केला तर "गर्दी हाय," म्हणाली. पुढच्या वेळी "माळा ऱ्हायल्यात." मी दर शनिवारी दुकानावर मदतीला जायचो, तेव्हा समोर बसून विचारायचं ठरवलं. आता हे भाच्याने आत्याशी कसं बोलायचं? आमच्यात ताप आणि पोटदुखी यापलीकडे कुठलं दुखणं बोलायची रीत नाही. मी दाब, तापमान आणि पेशी यांच्यावर एक लहानसं व्याख्यान दिलं. तिने ते माळ ओवता ओवता ऐकलं.

"कॅन्सर झालाय का मला?"

"नाही. पण पुढं होऊ शकतो."

"मंग झाला की बगू."

"झाल्यावर ही बंदूक चालत नाही, आत्या. आताच चालते." मग मी आळीतल्या त्या काकूंची आठवण काढली, ज्या याच दुखण्याने गेल्या. त्यांच्या शेवटच्या महिन्यात त्यांच्या चौकटीत आत्याच बसायची. तिला सगळं माहीत होतं. तिचे हात थांबले. गिऱ्हाईक आलं, तेल घेऊन गेलं.

मग तिने विचारलं, "तितं दार लावतेत का?"

"लावतात की. बाहेरचं कोणी येऊ नये म्हणून."

"सासरी बी त्येच म्हनायचे," आत्या म्हणाली. "बाहेरचं कोनी येऊ नये म्हनून."

तिने दोऱ्याला गाठ मारली. "कडी बाहीरनं हुती."

तिचं सासर देवळालीकडचं, ऊसवालं, चांगलं पक्क्या घराचं. आमच्या घरात एवढंच सांगितलं जायचं की नवऱ्याने नांदवली नाही म्हणून ती परत आली. मी लहानपणापासून तेच ऐकत आलो होतो, आणि ती परत आली म्हणून मला सांभाळायला कोणीतरी होतं, एवढाच मी त्याचा हिशेब केला होता. त्या घरात किती दिवस, का, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला तिने नेहमीसारखं झापलं, "बाटली हालवू नका, तेल हाय त्ये, सरबत न्हवं."

सोमवारी मी मॅडमच्या दारावर चक्क टकटक केली. त्या चकित झाल्या. मी कारण सांगितलं नाही, इतकंच म्हणालो की आत्या बंद खोलीत येणार नाही.

"दार उघडं ठेवू," मॅडम म्हणाल्या, "पडदा आहे. पण बाहेर वरांडा आहे, लोक ये-जा करतात. सिस्टर मला आत हवी. दारात थांबणार कोण?"

"मी बसतो."

"तुम्ही?"

"पाठ करून."

मॅडमनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "टाकी पण तिकडेच घ्या. काटा बघता येईल."

दार उघडं राहील आणि दारात मी बसेन, एवढाच निरोप मी आत्याला धाडला. मंगळवारी ती आली. हातात पाटी. वरांड्यात रांगेत बसलेल्या बायकांकडे तिने एकदा बघितलं, मग दाराकडे, मग दाराच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या कडीकडे. मी स्टुलावर बसलो होतो, शेजारी टाकी.

"नुसता बसलास तर येडा दिसशील," ती म्हणाली आणि पाटी माझ्या मांडीवर ठेवली. "हातात काय तरी पायजे." मग पडद्याआड गेली.

अशा रीतीने, नव्या टाकीचा काटा डाव्या डोळ्याने बघत आणि उजव्या हाताने रुईच्या माळा ओवत, इन्स्ट्रुमेंटेशनचा पदवीधर दवाखान्याच्या वरांड्यात दार होऊन बसला. रुईच्या चिकाने बोटं चिकट झाली. एक वॉर्डबॉय आत जायला निघाला, मी खोकलो, तो थांबला. छातीचे डॉक्टर जाताजाता माझ्यापाशी थबकले. "अजून खोकता?"

"नाही सर. दारात बसलोय."

त्यांनी टाकीकडे, माळेकडे आणि माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेले.

"प्रेशर?" सिस्टरने आतून विचारलं.

"हिरव्यात."

फुस्स सुरू झालं. तीन मिनिटं ते सलग चालतं.

"आगं बाई," आत्याचा आवाज, "तव्यावर पानी वतल्यावानी वाजतंय की."

"दुखतंय का?" मॅडम.

"उलीसं. बोलू का गप बसू?"

"बोला."

"बोलू म्हनल्यावर काय सुचत न्हाई बगा."

वरांड्यातल्या बायका हसल्या. फुस्स थांबलं. आता पाच मिनिटं थांबायचं आणि पुन्हा तीन मिनिटं, असं असतं. मॅडमनी तिला ते सांगितलं.

"आता का थांबायचं?"

"वितळू द्यायचं."

"वितळवायचंच हुतं तर गोठवलं कशाला?"

मॅडमनी शांतपणे सांगितलं की एकदा गोठून, वितळून, पुन्हा गोठल्या की त्या पेशी पक्क्या मरतात. आत्याला ते पटलं असावं, कारण तिने वाद घातला नाही. मग आत बराच वेळ काहीच आवाज आला नाही. सिस्टर कशात तरी गुंतल्या असतील, मॅडम घड्याळ बघत असतील. त्या शांततेत आत्याने हाक मारली. आवाज तिचा नेहमीचा नव्हता.

"इंजिनेरा, हाईस का?"

"हाय," मी म्हणालो.

थोड्या वेळाने पुन्हा. "हाईस ना रं?"

"हाय, आत्या. दार उघडंच हाय."

नोकरी लागल्यापासून मी दवाखान्यात शुद्ध बोलायचा फार प्रयत्न करत आलो होतो. तो त्या दिवशी वरांड्यात सगळ्यांदेखत सुटला, आणि मी परत उचलला नाही. पुन्हा फुस्स सुरू झालं. काटा हिरव्यात होता. मी माळ पुरी केली.

बाहेर आल्यावर सिस्टरने तिला पथ्यं सांगितली. महिनाभर पांढरं पाणी जाईल, घाबरू नका. ताप आला, वास आला, फार रक्त गेलं तर लगेच या. आणि महिनाभर नवऱ्यापासून लांब.

"वीस वर्सं सराव करतीय," आत्या म्हणाली. "आनखी एक महिना काडीन."

मग तिने माझ्या मांडीवरची माळ उचलली, उलटीपालटी करून बघितली. "एक पान उलटं लावलंस," ती म्हणाली. "ही मी इकनार न्हाई."

ती माळ तिने विकली नाहीच. दुकानात खिळ्याला वाळून गेली तरी टांगलेली होती.

एका वर्षाने पुन्हा व्हिनेगर लावून बघावं लागतं, डाग परत आला नाही ना ते. नेमका त्या वेळी मी पुण्याला यंत्रांच्या प्रशिक्षणावर होतो, काही महिने. फोनवर हे बोलता येईना. आत्या फोन स्पीकरवर टाकते, आणि बिनदाराच्या गावात स्पीकर म्हणजे दवंडी. म्हणून पत्र लिहिलं. ती आली, तपासणी झाली, मॅडमना डाग कुठे दिसला नाही. ते पत्र आत्याने जपून ठेवलं होतं. तिच्याकडून मागून घेऊन इथे उतरवतो.

आत्या,

हे पत्र दुकानात मोठ्याने वाचू नको. नारळवाला ऐकतो.

तुझं वर्ष भरत आलं. येत्या महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी दवाखान्यात यायचं आहे. या खेपेला बंदूक नाही. फक्त बघायचं आहे, ते चायनीजच्या गाडीवरचं लावून. तुला वाटेल की आता काही होत नाही तर कशाला जायचं. काही होत नसतानाच जायचं असतं. मागच्या वेळी पण तुला काही होत नव्हतं.

गर्दी आहे असं सांगू नको. तो दिवस मी बघून ठेवला आहे. ना शनिवार, ना अमावास्या. माळा राहिल्यात असंही सांगू नको. मी आदल्या दिवशी येऊन ओवून देईन. पान उलटं लागलं तर तू काढ.

आता दाराचं. पुण्याला यायच्या आधी मी त्या खोलीची बाहेरची कडी पान्याने काढून टाकली. भोकं पुट्टी भरून बुजवली आणि वरून रंग मारला. मॅडमनी विचारलं का काढली. मी म्हणालो, रोग्याच्या खोलीला बाहेरून कडी कशाला पाहिजे. त्या म्हणाल्या, खरंच कशाला पाहिजे, आणि दवाखान्यातल्या बाकीच्या खोल्यांच्याही बघा म्हणाल्या. मी सगळ्या काढल्या. आतून एक लहान कडी बसवली आहे. जी आत असेल तिला वाटलं तर तिने लावावी, नाही वाटलं तर नको. ती कशी सरकते ते भिंगारच्या काकांनी मला दाखवलं होतं, मी तुला दाखवीन.

मी गेलेल्या काकूंच्या सुनेला आणि शेजारच्या दोघींनाही निरोप धाडला आहे. त्यांच्याही तारखा आहेत. तू त्यांना घेऊन ये, म्हणजे तू यायचं टाळणार नाहीस.

तू मला ट्रॉलीतून उतरवलंस आणि शेळी जाऊ दिलीस, त्याबद्दल मी तुला आजवर काही बोललो नाही. तुला ते आवडणारही नाही. पण दहावीला तू चौकटीत बसली होतीस तेव्हा आतून मला तुझी पाठ दिसायची, आणि गणित अडलं की मी तिच्याकडे बघायचो. एवढंच सांगायचं होतं.

सोमवारी मी पुण्याहून पहाटेच्या गाडीने येतो. तू टेबलावर जाशील तेव्हा दारात मीच असेन. रुईची पानं तू आण. दोरा माझ्याकडे आहे.

तुझा,
इंजिनेर